पोहण्याचा तलाव आणि आम्ही दोघे

(आकाशवाणीवरील भाषण)

सुट्टी जवळ आली की शिक्षकांच्या खोलीत प्रवासाच्या गोष्टी निघू लागतात. कोणी कोकणात जाणार असतो, कोणी गोव्याला, आणि अलीकडे पुष्कळ जण रिसॉर्टला जातात. या शब्दाला मराठी पर्याय शोधण्याचा मी प्रयत्न केला. परंतु विश्रामगृह म्हटले की सरकारी डाकबंगला डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि विहार म्हटले की बौद्ध भिक्षूंची आठवण होते. तेव्हा रिसॉर्टच म्हणू या. मोठ्या करमणूक उद्यानाला लागून असलेले, दोन-तीन दिवस मुक्काम करावा असे हॉटेल, इतकाच अर्थ मला आज अभिप्रेत आहे. माझा प्रश्नही लहानसाच आहे. ज्या जोडप्याला पोहण्याच्या तलावाची मुळीच आवड नाही, त्याने असले ठिकाण कसे निवडावे?

प्रश्न क्षुल्लक आहे, असे आपल्याला वाटेल. आम्हालाही तसेच वाटले होते, आणि त्याची किंमत आम्ही मोजली. म्हणूनच तो आपल्यापुढे मांडतो.

मी बेळगावच्या एका मराठी शाळेत शिक्षक आहे. माझ्या पत्नीचे माहेर निपाणीकडचे, तंबाखूच्या शेतीत वाढलेले. आम्हा दोघांनाही पाण्याचे भय नाही, की पाण्याशी वैरही नाही. पावसाळ्यात गोकाकचा धबधबा पाहायला आम्ही हौसेने जातो; तेथील झुलत्या पुलावर उभे राहून घटप्रभेचा तो तांबूस लोंढा खाली कोसळताना तासभर पाहतो. परंतु पाण्यात उतरून बसावे, असे आम्हाला कधी वाटलेच नाही. पत्नी म्हणते, "पाणी पाहायचे असते, ऐकायचे असते, त्यात जाऊन बसायला आपण का म्हशी आहोत?" पोहणाऱ्या मंडळींनी राग मानू नये. आवड ज्याची त्याची असते. मात्र एखादी गोष्ट आपल्याला आवडत नाही एवढेच सांगून लोकांचे समाधान होत नाही. त्यांना कारण हवे असते. लहानपणी बुडाला होता का, सर्दीचा विकार आहे का, अशी चौकशी सुरू होते. शेवटी माणूस भिडेपोटी तलावाच्या काठची खोली घेऊन मोकळा होतो.

आम्ही नेमके तेच केले. थोरली मुलगी शिक्षणासाठी पुण्याला गेली, धाकटा मामाकडे राहायला तयार झाला, आणि लग्नाला वीस वर्षे झाल्यावर प्रथमच आम्ही दोघेच तीन दिवसांसाठी बाहेर पडलो. त्या ठिकाणाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जाहिरातीत निळ्या पाण्याचे चित्र होते. आम्ही चित्र पाहून खोली ठरवली, आणि तलाव समोर दिसावा म्हणून रात्रीमागे दीड हजार रुपये अधिक भरले. सकाळी सातपासून मुलांचा गलका, दुपारी ध्वनिवर्धकावरची गाणी, रात्रीचे जेवणही त्या तलावाच्याच काठी. नायलॉनचा पोशाख घातल्याखेरीज पाण्यात उतरू देत नसत, आणि पाण्यात न उतरणाऱ्याला करण्यासारखे तेथे दुसरे काही नव्हते. चालावे अशी वाट नव्हती, सावलीतला बाक नव्हता. मी वर्तमानपत्र दोनदा वाचून काढले. पत्नी मोबाइलवर मुलीला संदेश पाठवीत राहिली. परतीच्या वाटेवर यमगर्णीजवळ वेदगंगेचा पूल ओलांडताना ती हळूच म्हणाली, "अहो, आपल्याजवळ एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरलेच नाही का?"

श्रोतेहो, हा प्रश्न मनाला लागला. पैसे वाया गेल्याचे दुःख चार दिवसांत विसरते. परंतु मुले दूर गेल्यावर आपण दोघे एकमेकांना पुरणार नाही की काय, ही शंका माणसाला सहजासहजी झोपू देत नाही. कित्येक दिवस मी दोष आमच्यातच शोधीत होतो. पुढे ध्यानात आले की निवडच चुकली होती. जे स्थळ दुसऱ्याच कोणासाठी बांधलेले, तेथे जाऊन आम्ही स्वतःला अपुरे ठरवून घेतले होते.

मग मी शिक्षकाच्या सवयीने पुस्तके चाळू लागलो, आणि मोठी मौज आढळली. करमणूक उद्यान म्हटले की पोहणे आलेच, असे मुळीच नाही. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात 1843 साली टिव्होली नावाचे उद्यान सुरू झाले, ते आजही चालू आहे. लोकांनी सायंकाळी यावे, झाडांखालून हिंडावे, वाद्ये ऐकावीत, दिव्यांची रोषणाई पाहावी, हा त्याचा हेतू. वॉल्ट डिस्ने यांनी अमेरिकेत 1955 साली डिस्नेलँड उघडले, त्यापूर्वी त्यांनी हे उद्यान पाहिले होते. फ्लोरिडातील त्यांच्या संस्थेचे डिस्ने वर्ल्ड 1971 साली सुरू झाले; तेथील पाण्याचे खास उद्यान आले ते 1976 साली. आपल्याकडेही क्रम हाच. मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड 1989 साली उघडले, त्याच्या शेजारचे वॉटर किंगडम 1998 साली. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे मुख्य उद्यान 2013 सालचे, आणि जलोद्यान त्यानंतरचे. म्हणजे हातात हात घालून नुसते हिंडणारे जोडपे हेही अशा उद्यानांचे जुने गिऱ्हाईक. या ठिकाणी तरी पाणी मागाहून आले. हे वाचले आणि माझी भीड पार चेपली.

आता निवड कशी करावी ते सांगतो. पहिली गोष्ट, आपला दिवस तासातासाने मांडून पाहावा. उद्यानाची वेळ बहुधा सकाळी दहा-अकराच्या सुमारास सुरू होते आणि सायंकाळी संपते. त्या वेळात आपण खोलीत नसतोच. उरतात सकाळचे तीन तास, दुपारचा एखादा तास आणि रात्र. पोहणारे कुटुंब हे तास तलावात घालवते. आपण ते कोठे घालवणार? याचे उत्तर मिळाले की निम्मी निवड झाली. हिंडणाऱ्यांना चालण्याजोगी वाट हवी, वाचणाऱ्यांना सावलीतला बाक हवा, आणि चाळिशी उलटलेल्या गुडघ्यांना दुपारी पाठ टेकायला खोली जवळ हवी. म्हणून तलावासाठी जे पैसे द्यायचे, ते जवळिकीसाठी द्यावेत. डिस्ने वर्ल्डमध्ये 1971 सालीच उघडलेले एक हॉटेल असे आहे की एका रुळावरून धावणारी आगगाडी थेट त्याच्या इमारतीतून जाते आणि पाहुण्याला उद्यानाच्या दाराशी पोहोचवते. तलाव तेथेही आहे. परंतु त्या हॉटेलाची ख्याती झाली ती त्या गाडीने.

दुसरी गोष्ट तिकिटाची. काही ठिकाणी कोरड्या खेळांचे आणि पाण्याच्या खेळांचे तिकीट एकच असते. बंगळूरहून मैसूरच्या रस्त्यावर बिडदीजवळ 2005 साली सुरू झालेले वंडरला असे आहे. मुक्कामाची सोयही त्याच आवारात आहे. इमॅजिकात मात्र दोन्ही उद्यानांची तिकिटे निराळी मिळतात. पाण्याशी आपले देणेघेणे नसेल तर हा फरक लहान नव्हे. अर्थात एकाच तिकिटाच्या ठिकाणीही एक लाभ असतो. उन्हे तापली की गर्दी लाटांच्या तलावाकडे लोटते, आणि कोरड्या खेळांपुढची रांग त्या वेळी आखूड होते.

तिसरी गोष्ट खोलीची. चित्र पाहून खोली ठरवू नये. दूरध्वनी करून विचारावे. खोली तलावाच्या कोणत्या बाजूला आहे, गाणी किती वाजेपर्यंत चालतात, आवारात लग्नसमारंभ आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. मागच्या बाजूची, झाडांकडे तोंड असलेली खोली पुष्कळदा स्वस्त पडते, कारण इतरांना ती नको असते. आपल्याला नेमकी तीच हवी असते.

चौथी गोष्ट, खेळांची यादी वाचावी. उंचावरून कोसळणाऱ्या पाळण्यांवर रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांना मनाई असते. तेव्हा बसून पाहण्याजोगे खेळ, नाट्यप्रयोग, बागा आणि मिरवणुका तेथे किती आहेत, हे आधी पाहावे. आम्हा ख्रिस्ती मंडळींना आणखी एक चौकशी करावी लागते. मुक्कामात रविवार येत असेल, तर मिस्सेला जाता येईल असे देऊळ जवळपास आहे का, ही ती चौकशी.

पाचवी गोष्ट आपल्या सीमाभागाला विशेष उपयोगी आहे. कर्नाटकातील शाळांना सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, महाराष्ट्रातील शाळांना ती दिवाळीला. आपण दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतो, त्याचा त्रास पुष्कळ. पण हा एक लाभ घ्यावा. दसऱ्याच्या सुट्टीत रविवार आणि दसरा टाळून बेळगावकराने खोपोलीकडे जावे. तिकडच्या शाळा तेव्हा भरलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरकराने असाच मधला वार पाहून बिडदीकडे जावे.

आणि ज्यांना मुक्कामाचा खर्च झेपत नाही, त्यांनी निराश होऊ नये. निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय लागते. बारा बलुतेदार, आठवडी बाजार, मळणी, शाळा असे जुन्या खेड्याचे जीवन तेथे माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांतून मांडले आहे. याच हमरस्त्याने दक्षिणेकडे हुबळीच्या पुढे गेले की शिगगावजवळ गोटगोडीचे उत्सव रॉक गार्डन आहे. तेथे उत्तर कर्नाटकाचे खेडे पुतळ्यांतून उभे केले आहे. एकाच रस्त्यावर मराठी खेडे आणि कानडी खेडे! दोन्ही पाहणाऱ्याला बैलाच्या डोळ्यांत काही भेद आढळत नाही. सकाळी निघावे, रात्री घरी यावे.

आता आमची दुसरी सहल सांगतो. या वेळी आम्ही हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी निवडली. निर्माते रामोजी राव यांनी 1996 साली वसवलेली ही चित्रनगरी सोळाशे एकरांहून अधिक विस्ताराची आहे, आणि राहण्यासाठी तेथेच हॉटेले आहेत. तलावासाठी तेथे कोणी जात नाही. जो तो चित्रपटांचे नकली जग पाहायला जातो. दसऱ्याच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा होता. तेलंगणातील शाळा तोवर पुन्हा भरल्या होत्या. बसमधून आम्ही हिंडलो. 'बाहुबली' या चित्रपटासाठी उभारलेली माहिष्मती नगरी पाहिली, बागा पाहिल्या. आणि मग आला एक रेल्वे फलाट. पाटी, बाक, उभी गाडी, सारे काही होते. फक्त गाडी कोठे जाणार नव्हती.

पत्नी त्या बाकावर बसली आणि खळखळून हसली. म्हणाली, "आमच्या निपाणीला अजून आगगाडी आली नाही, आणि येथे नुसत्या सिनेमासाठी स्टेशन बांधून ठेवले आहे!" मग तिला आठवले की लग्नाआधी मी तिला प्रथम पाहिले ते बेळगावच्या स्टेशनवर, तिच्या भावाला पोहोचवायला ती आली होती तेव्हा. मी म्हणालो, "तुझ्या हातात पेरूंची पिशवी होती." ती म्हणाली, "पेरू नव्हते, चिकू होते." श्रोतेहो, पेरू की चिकू या वादावर आम्ही त्या खोट्या फलाटावर पाऊण तास बसलो. भावाच्या गोष्टी निघाल्या, तिच्या वडिलांच्या निघाल्या, मुलगी गेल्यापासून घर कसे वाटते तेही प्रथमच निघाले. रात्री झाडांकडच्या खोलीत दिवा मालवल्यावरही बोलणे चालूच होते.

वेदगंगेच्या पुलावर तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या बाकावर मिळाले. बोलण्यासारखे उरले होते. फक्त बसायला जागा चुकीची मिळाली होती. ज्याला पोहण्याचा आनंद आहे त्याने खुशाल पोहावे. तो निर्मळ आनंद आहे. परंतु आपल्याला जे रुचत नाही ते सगळे जग करते म्हणून विकत घेऊ नये. निघण्यापूर्वी नवरा-बायकोने एकमेकांना एवढेच विचारावे, की तेथे गेल्यावर आपण दोघे करणार काय. उत्तर जुळले, की ठिकाण आपोआप सापडते.

पेरू की चिकू याचा निर्णय अद्याप झालेला नाही. पुढच्या सुट्टीत पुन्हा कोठेतरी बाक शोधावा लागेल.