एका चोपडीच्या अनेक चोपड्या

पेढीवरील दिवाणजी रोजकीर्द व खतावणी लिहितात, तेव्हां दोन्हींतील आंकडा जुळतो कीं नाहीं, हेंही तेच पाहतात. गणकयंत्रांतील ‘रिलेशनल डेटाबेस’चा प्रकार फारसा निराळा नाहीं. एडगर कॉड या आय. बी. एम. कंपनींतील गणितज्ञानें १९७० सालीं त्याचें तत्त्व मांडिलें. ग्राहक, माल व पैसा यांचीं कोष्टकें एकमेकांशीं सांधलेलीं असतात. आणि व्यवहार एक तर पुरा होतो, नाहीं तर मुळींच होत नाहीं. अर्धवट नोंद राहत नाहीं, हा मोठाच दिलासा होय.

परंतु सर्व कारभार एकाच चोपडीवर ठेविला आणि तिलाच वाळवी लागली, तर? अमेरिकेंतील नेटफ्लिक्स कंपनीवर ऑगस्ट २००८ मध्यें हाच प्रसंग ओढवला. त्या काळीं ती चित्रपटांच्या तबकड्या टपालानें घरोघर पाठवीत असे. डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस तबकड्या रवाना करतां येईनात. माल होता, ग्राहक होते; वही तेवढी वाचतां येईना!

कंपनीनें आपला कारभार दूरच्या, भाड्याच्या यंत्रांवर नेण्याचें ठरविलें. जुनी चोपडी जशीच्या तशी उचलून नेतां आली असती. पण मग वाळवीही बरोबर गेली असती. म्हणून एका अवाढव्य प्रोग्रॅमचे शेंकडों लहान विभाग केले व नोंदी त्यांच्यांत वांटून दिल्या. पुष्कळ नोंदी ‘कॅसँड्रा’ नांवाच्या कोठारांत गेल्या. तेथें प्रत्येक नोंदीच्या प्रती अनेक यंत्रांवर असतात. एक यंत्र बंद पडलें, तरी दुसरें उत्तर देतें. मात्र या प्रती कांहीं क्षण परस्परांशीं न जुळण्याचा संभव असतो. चित्रपट कोठवर पाहून झाला, ही खूण घटकाभर मागें राहिली, तर कोणाचें फारसें बिघडत नाहीं. पण एकाच महिन्याची वर्गणी दोनदां कापली गेली, तर ग्राहक शास्त्रार्थ ऐकत बसणार नाहीं.

यास्तव वसुलीचें काम अगदीं शेवटीं हलविलें, आणि पैसे कापण्याच्या नोंदींसाठीं ‘माय-एस्-क्यू-एल्’ हा कोष्टकांचाच डेटाबेस पुन्हां निवडला. हें शहाणपणाचें झालें. विभागलेल्या कारभारांत एक पायरी पुरी होऊन पुढची फसली, तर मागच्या पायरीची उलट नोंद करून ती फेडावी लागते. गार्सिआ-मोलिना व सेलम यांनीं १९८७ सालीं दीर्घ व्यवहारांसाठीं सुचविलेली ही रीत ‘सागा’ या नांवानें ओळखली जाते. दिवाणजी जो मेळ एका बैठकींत घालीत, तो आतां प्रोग्रॅम लिहिणारास स्वतः बसवावा लागतो. लहान पेढीनें या उपद्व्यापांत पडूं नये, हेंच बरें.

जुना व नवा कारभार कित्येक वर्षें शेजारीं शेजारीं चालवीत नेटफ्लिक्सचें हें स्थलांतर जानेवारी २०१६ मध्यें पुरें झालें. सात वर्षांहून अधिक काळ लागला.