दस्तुरखुद्द : चित्रकथांच्या प्रती आणि सह्यांची पारख



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मराठीचा निवृत्त प्राध्यापक जुन्या पोथ्यांवर बोलेल, संतवाङ्मयावर बोलेल. हा वेताळाच्या चित्रकथांवर काय बोलणार? पण हा विषय मी शोधलेला नाही, तो माझ्याकडे चालत आला. गुरुजींच्या कुटुंबीयांनी त्यांची चित्रकथांची पत्र्याची पेटी शाळेला दिली. तीतील तीन प्रतींवर सह्या आहेत. माजी विद्यार्थी मंडळात असा विचार निघाला की या प्रती परदेशी पाठवून त्यांची प्रतवारी करून घ्यावी, सह्या खऱ्या ठरवून घ्याव्या, मग विकाव्या आणि त्या पैशांतून ग्रंथालयाचे छप्पर दुरुस्त करावे. छप्पर गळते हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा या विचाराला मी हसणार नाही. मंडळाने मला म्हटले, "सर, आपण आयुष्यभर पोथ्या पाहिल्यात, या प्रतीही पाहा." मी पाहिल्या. काय दिसले ते आज सांगतो.

प्रथम या व्यापाराची रीत समजून घेऊ. अमेरिकेत १९३८ साली दहा सेंटला विकला गेलेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक २०२४ च्या एप्रिलमध्ये साठ लाख डॉलरांना लिलावात गेला. त्या प्रतीला दहापैकी साडेआठ गुण होते. हे गुण देण्याचे काम तेथे स्वतंत्र कंपन्या करतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध सीजीसी ही कंपनी २००० सालापासून हे काम करते. प्रत तपासायची, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण द्यायचे आणि ती पारदर्शक कठीण पेटीत कायमची बंद करायची, असा हा क्रम. पेटीवर रंगीत पट्टी असते : साध्या प्रतीला निळी, डागडुजी केलेलीला जांभळी. सहीच्या बाबतीतला नियम मात्र मला फार विचार करण्याजोगा वाटला. कंपनीच्या माणसाच्या डोळ्यांदेखत सही झाली असेल तर पिवळी पट्टी, आणि प्रतीचे मोल वाढले. तीच सही, त्याच हाताची, पण साक्षीदार नसताना झालेली असेल, तर अनेक वर्षे तिला हिरवी पट्टी मिळे. म्हणजे मुखपृष्ठावर कोणीतरी शाई लावली आहे, हे न्यून धरून ही प्रत पाहावी. साक्ष असली तर अलंकार, नसली तर डाग! अलीकडे हस्ताक्षरतज्ज्ञांनी ताडून पाहिलेल्या सह्याही व्यापारात चालतात; परंतु डोळ्यांदेखतच्या सहीचा मान निराळा.

आपल्याकडे हे नवे आहे असे कोणी समजू नये. मराठी भाषेने ही सगळी विद्या शब्दांत साठवून ठेवली आहे. 'दस्तुरखुद्द' म्हणजे स्वतःच्या हातचे. 'बकलम' म्हणजे अमुकाच्या लेखणीने. ज्याला लिहिता येत नव्हते त्याच्या वतीने दुसऱ्याने लिहिले तर तसे सांगावे लागे. डाव्या अंगठ्याच्या निशाणीशेजारी 'ब. क.' लिहिलेले कागद आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील. 'गोही' म्हणजे साक्षीदार. जुन्या महजरांच्या अखेरीस गोहीदारांची नावे असत आणि पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी काढलेली असे. छत्रपती शिवाजी महाराजांची पत्रे लेखकाच्या हातची असत. त्यांना प्रामाण्य येई ते शिरोभागीच्या मुद्रेने आणि शेवटच्या मर्यादेच्या मोर्तबाने. ती मर्यादेची मोर्तब मजकूर संपतो तेथेच उमटवीत. तिच्याखाली कोणी एक ओळ वाढवील तर ती उघडी पडावी. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात केवढे शहाणपण आहे ते विसरतो. अमेरिकेतील त्या बंद पेटीनेही हेच काम करावे अशी अपेक्षा असते. मोर्तब असली म्हणजे कपट संपते असे मात्र नाही. २०२३ च्या अखेरीस काही लबाडांनी त्या पेट्या उघडून आत हलक्या प्रती घातल्याचे बाहेर आले आणि कंपनीला मोठी धावपळ करावी लागली. शिक्का खरा, आतला माल निराळा.

आता आपली पेटी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून मराठी पुस्तक आपल्याकडे बहुधा गोंदियाहून यायचे. त्या वेळच्या नॅरोगेज गाडीने गुरुजी गोंदियाला जात आणि स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून पिशवी भरून आणीत. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ते १९९० पर्यंत चालले आणि अनेक भाषांबरोबर मराठीतूनही निघाले. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' आरंभिली. गुरुजींच्या पेटीत या दोन्हींचा भरणा आहे.

प्रतवारीच्या तराजूत या प्रती घातल्या तर काय होईल? कागद वृत्तपत्री. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो. कडा तपकिरी होऊन मोडू लागतात. आपल्या पावसाने पिना गंजल्या आहेत आणि गंजाचा डाग मधल्या पानांत उतरला आहे. (पान तपकिरी आणि पिना लखलखीत दिसल्या तर आनंद मानू नका, पिना बदलल्या आहेत असे समजा.) दोन ठिकाणी कसर लागली आहे. कोडी पेन्सिलीने सोडवलेली, आणि तीही चुकीची! वेताळाला एका विद्यार्थ्याने मिशा काढल्या आहेत; तो विद्यार्थी आज या सभागृहात असण्याचा संभव आहे. परदेशी तपासनीस यांतील बहुतेकांना दहापैकी दोन-तीन गुण देईल आणि त्याच्या नियमाने ते योग्यच ठरेल. तो कागदाची अवस्था मोजतो. किती हातांनी ती पाने उलटली, ते मोजणे त्याच्याकडून अपेक्षितच नाही.

सहीची पहिली प्रत पाहिली तेव्हा भिंगाखाली सहीच्या रेषेत छपाईचे बारीक ठिपके दिसले. ती सही हाताची नव्हतीच. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही छापलेली असते, ती होती. लेखणीची शाई कागदाच्या तंतूंत पसरते, टाक दाबला तेथे मागच्या बाजूस किंचित उठाव येतो. येथे तसे काहीच नव्हते.

दुसरी प्रत इंग्रजी आवृत्तीची. तिच्यावर एका विख्यात संपादकांची सही आणि खाली १९८८ ची तारीख. सही मोठी देखणी. परंतु आतल्या पानावर प्रकाशकाच्या पत्त्यात इंग्रजीतून 'मुंबई' असे छापले आहे. शहराचे इंग्रजी नाव अधिकृतपणे बदलले १९९५ मध्ये. तोपर्यंत असे पत्ते 'बॉम्बे'च छापीत. या चित्रकथांची पुनर्मुद्रणे वारंवार होत; म्हणजे प्रत मागाहून छापलेली आणि तारीख आधीची. सही कोणी केली, कशासाठी केली, याचा तर्क मी करीत नाही; १९८८ साली ती या कागदावर झालेली नाही, एवढे पुरे. गंमत अशी की हीच प्रत मराठी असती तर हा पुरावा हाती लागला नसता, कारण मराठीत मुंबई नेहमीच मुंबई होती! अशाच आणखी दोन खुणा माजी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवाव्या. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर ती छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. आणि १९७० च्या सुमाराची म्हणून दाखवलेली सही जेलपेनने केलेली असेल तर हात जोडून परत करावी. ते पेन जपानात १९८४ साली निघाले.

तिसऱ्या प्रतीपाशी मी बराच वेळ थांबलो. मराठी प्रत, मुखपृष्ठ अर्धे सुटलेले. आतल्या पानावर गुरुजींचे नाव घालून 'सप्रेम भेट', खाली चित्रकाराची सही, गाव आणि दिनांक. शाई कागदात मुरलेली. घडीवरून जाताना रेघ तुटली आहे ती घडी पडल्यानंतर नव्हे, आधी लिहिल्यामुळे. याशिवाय त्याच पेटीत त्याच चित्रकाराचे एक पोस्टकार्ड निघाले. गुरुजींनी विद्यार्थ्यांची चित्रे पाठवली होती, त्यांची पोच त्यात आहे. टपालाचा शिक्का भेटीच्या दिनांकानंतर आठ दिवसांचा. अक्षराची वळणे जुळतात. 'ल'ची गाठ आणि शिरोरेघेचा शेवटचा झोल तर डोळे मिटून ओळखावा असा. माझ्या मते ही सही अस्सल आहे. चित्रकारांचे नाव मी येथे उच्चारीत नाही. व्यासपीठावरून उच्चारले की उद्या भाव विचारायला लोक येतील.

बाजाराच्या दृष्टीने या प्रतीत दोन दोष आहेत : ती फाटकी आहे आणि तिच्यावर दुसऱ्याचे नाव आहे. संग्राहकाला कोरी सही हवी असते. ज्याचे नाव लिहिले तो त्याचा कोणी लागत नाही. मला मात्र त्या नावानेच खात्री पटली. बनावट सही करणारा बालाघाटच्या एका मास्तरांचे नाव घालण्याच्या भानगडीत कशाला पडेल? हे नाव म्हणजेच त्या सहीचा गोहीदार. ज्या अक्षरांमुळे परदेशी प्रतीचा भाव उतरतो, त्या अक्षरांसाठी ही प्रत शाळेने ठेवावी असे माझे मत आहे.

मंडळाला मी लेखी कळवले आहे ते असे. पहिल्या दोन प्रती विक्रीस काढू नयेत. दुसरीवर सही म्हणून दाम घेणे हे शाळेला शोभणारे नाही. तिसरी परदेशी पाठवू नये. पाठवणी, विमा आणि तपासणी यांचा खर्च वजा जाता छपराला फारसे काही उरणार नाही, आणि प्रत परत आली तर अशा पेटीत येईल की ती पुन्हा उघडून वाचता येणार नाही. छपरासाठी वर्गणी काढावी. माझी रक्कम मी मुख्याध्यापकांकडे दिली आहे. प्रत व पोस्टकार्ड आम्लरहित कागदात गुंडाळून, एकमेकांपासून न तोडता, गळणाऱ्या छपराखाली नसलेल्या कपाटात ठेवावीत. आणि एक नोंदवही करावी.

या नोंदवहीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तिला आता उशीर परवडणार नाही. गुरुजींनी ही प्रत वर्गात दाखवली होती, असे तिघा माजी विद्यार्थ्यांनी मला स्वतंत्रपणे सांगितले. त्यांतील सर्वांत धाकटे आज सत्तरीला टेकले आहेत. कोणत्या वर्षी, कोणत्या वर्गात, गुरुजी तेव्हा काय म्हणाले, हे त्यांनी आपल्या हाताने लिहावे. खाली सही, दिनांक आणि आणखी दोघांची साक्ष. ज्यांचा हात आता थरथरतो त्यांनी सांगावे, दुसऱ्याने लिहावे आणि 'बकलम' म्हणून आपले नाव घालावे. वही आणि लेखणी बाहेरच्या मेजावर ठेवली आहे. शेजारीच काचेखाली ती प्रत आहे. मुलांनी रांगेने पाहावी, चहा नंतर.