पिशवीतल्या रक्ताचं वय

रक्तपेढीतून मिळणाऱ्या प्रत्येक पिशवीवर दोन तारखा असतात. एक रक्त घेतल्याची आणि दुसरी ते वापरता येईल त्या शेवटच्या दिवसाची. सीपीडीए या द्रावणात रक्त साठवलं तर या दोन तारखांमध्ये ३५ दिवसांचं अंतर असतं. तांबड्या पेशी वेगळ्या काढून त्यांत एसएजीएम हे पोषक द्रावण मिसळलं, की ते ४२ दिवसांपर्यंत जातं. रुग्णाचे नातेवाईक पहिली तारीख बघतात. ती तीन आठवड्यांपूर्वीची निघाली, की ‘यापेक्षा ताजं नाही का?’ असं काळजीनं विचारतात. ही काळजी गंभीरपणे घेण्यासारखीच आहे. डॉक्टरांनाही ती अनेक वर्षं होती आणि तिच्यापोटी जगभर मोठमोठी संशोधनं झाली.

मुळात रक्त साठवता येतं, हेच माणसाला फार उशिरा कळलं. शरीराबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट मिसळून ते पातळ ठेवण्याची युक्ती सापडली. पण न गोठलेल्या रक्तातल्या पेशीही उपाशी मरतातच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस आणि जे. आर. टर्नर यांनी १९१६ साली सायट्रेटच्या जोडीला ग्लुकोज दिलं आणि पेशी थंडीत आठवडेच्या आठवडे टिकल्या. राऊस यांच्याबरोबर काम केलेले ऑस्वाल्ड रॉबर्टसन हे अमेरिकी सैन्यात डॉक्टर होते. १९१७ साली फ्रान्समधल्या युद्धभूमीवर त्यांनी ‘ओ’ गटाचं रक्त या द्रावणासह बाटल्यांत भरलं, बर्फात ठेवलं आणि काँब्रेच्या लढाईतल्या जखमींना दिलं. रक्ताचा साठा करून तो गरजेच्या ठिकाणी न्यायचा, ही आजच्या रक्तपेढीची पद्धत तिथं पहिल्यांदा कसाला लागली.

दुसऱ्या महायुद्धात अडचण निराळी होती. सायट्रेट आणि ग्लुकोज एकत्र करून जंतुरहित करायला तापवलं, की साखर करपायची. ब्रिटनमध्ये लूटिट आणि मॉलिसन यांनी १९४३ साली ते द्रावण आम्ल केलं. करपणं तर थांबलंच, शिवाय पेशीही जास्त टिकू लागल्या. साठवणीची मुदत २१ दिवस झाली. पुढे अ‍ॅडेनिन मिसळल्यावर ती ३५ दिवसांवर गेली.

आता प्रत्यक्ष पिशवीत काय घडतं ते पाहू. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे झालेली झीज भरून काढायला तिला नवी प्रथिनं तयार करता येत नाहीत. ग्लुकोज फोडून ती एटीपी नावाची ऊर्जा मिळवते आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. शरीरात हे आम्ल रक्ताबरोबर वाहून जातं, पिशवीत ते साचत राहतं. २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात हा कारभार अगदी संथ चालतो, पण थांबत नाही.

थंडीचा सर्वांत आधी फटका बसतो तो पेशीच्या आवरणातल्या पंपाला. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत, असं अखंड काम करणारा हा पंप गारठून मंदावतो. गळक्या होडीत पाणी उपसणारा हात थांबला की पाणी चढतं, तसंच इथं होतं. पेशीतलं पोटॅशियम झिरपत बाहेर येतं. मुदत संपता संपता पेशींभोवतीच्या द्रवात ते लिटरमागे ५० मिलिमोलच्या घरात जातं. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात ते साधारण साडेतीन ते पाच असतं.

दुसरा बदल प्राणवायूशी जोडलेला आहे. पेशीत डीपीजी नावाचं एक संयुग असतं. हिमोग्लोबिनने धरून ठेवलेला प्राणवायू स्नायूंपर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचल्यावर मोकळा व्हावा, यासाठी ते लागतं. साठवणीच्या पहिल्या दोन आठवड्यांतच डीपीजी जवळजवळ संपतं. अशी पेशी प्राणवायू नीट वाहून नेते, पण सोडताना हात आखडते.

तिसरा बदल सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेल्या चकतीसारखी असणारी पेशी हळूहळू काटेरी होते. तिच्या आवरणाचे बारीक बुडबुडे सुटून जातात. पुरेसं आवरण गमावलं की ती गोल आणि ताठर होते. हा शेवटचा टप्पा फार महत्त्वाचा आहे, कारण तिथून पेशी मागे फिरत नाही.

रक्त रुग्णाला चढवलं, की या सगळ्याची तपासणी करते ती प्लीहा. सात-आठ मायक्रॉन रुंदीच्या पेशीला तिथल्या एक मायक्रॉनच्या आसपासच्या फटींतून अंग चोरून जावं लागतं. लवचीक पेशी निघून जाते. ताठर पेशी अडकते आणि भक्षक पेशी तिला गिळतात. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं, की साठवणीत आकसून लहान झालेल्या पेशींचा एक ठरावीक गटच मुख्यतः असा बाद होतो. सगळ्या पेशी सारख्याच जुन्या होतात असं नाही.

किती पेशी तगतात, हे मोजायची रीत मोठी चोख आहे. स्वयंसेवकाचं रक्त घेऊन साठवतात. मुदतीच्या अखेरीला त्यातल्या थोड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या त्याच माणसाला परत देतात आणि २४ तासांनी त्यातल्या किती अजून फिरताहेत ते पाहतात. हे प्रमाण सरासरी किमान ७५ टक्के असेल, तरच अमेरिकेत ती साठवण पद्धत मंजूर होते. पिशवीवरच्या शेवटच्या तारखेमागे अशी मोजमापं असतात.

पहिल्या दिवशी टिकलेल्या पेशी मात्र चांगल्या सावरतात. शरीराच्या उबेत पंप पुन्हा चालू होतो, पोटॅशियम परत आत येतं. डीपीजी सात-आठ तासांत निम्म्यावर आणि दोन-तीन दिवसांत जवळपास पूर्ववत होतं. त्यानंतर या पेशी आपलं उरलेलं आयुष्य बहुतेक नेहमीसारखंच जगतात.

हे उरलेलं आयुष्य केवढं असतं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये विनिफ्रेड अ‍ॅशबी यांनी १९१९ साली ते शोधण्याची सुरेख पद्धत काढली. ‘ए’ गटाच्या रुग्णाला ‘ओ’ गटाचं रक्त द्यायचं. नंतर नमुना घेऊन त्यात असा सीरम घालायचा, की ‘ए’ पेशींच्या गुठळ्या होतील. गुठळीत न आलेल्या पेशी दात्याच्या. दात्याच्या पेशी ऐंशी ते शंभर दिवसांपर्यंत दिसत राहिल्या. त्या दोन-चार आठवड्यांत नाहीशा होतात, हा त्या काळचा समज त्यामुळे कोसळला. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. दान केलेल्या पिशवीत आज जन्मलेल्या पेशीपासून उद्या मरणाऱ्या पेशीपर्यंत सगळ्या वयाच्या पेशी एकत्र असतात. ताज्या पिशवीतही म्हाताऱ्या पेशी असतात, त्या अशा.

मग जुनं रक्त रुग्णाला अपाय करतं का? २००८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने हृदयशस्त्रक्रियेच्या ६,००२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. १४ दिवसांपेक्षा जास्त साठवलेलं रक्त मिळालेल्यांमध्ये मृत्यू आणि गुंतागुंत जास्त आढळली आणि जगभर खळबळ उडाली. पण जुन्या नोंदींवरून कारण ठरवता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची वाटणी करून चाचण्या झाल्या. कॅनडा आणि युरोपात अतिदक्षता विभागातले २,४३० रुग्ण घेतले. काहींना सरासरी सहा दिवसांचं, काहींना २२ दिवसांचं रक्त दिलं. ९० दिवसांनी मृत्यूचं प्रमाण अनुक्रमे ३७ आणि ३५.३ टक्के निघालं. म्हणजे ताज्या रक्ताने फायदा दिसला नाही. २०१६ साली चार देशांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही तेच दिसलं.

याच प्रश्नावर युगांडात झालेली चाचणी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात मलेरियाने किंवा सिकलसेलने हिमोग्लोबिन ५ ग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली गेलेली २९० लहान मुलं होती. प्राणवायूअभावी त्यांच्या रक्तात लॅक्टेट साचलं होतं. डीपीजी संपलेलं रक्त अशा मुलाला वेळेत प्राणवायू पोहोचवेल का, ही धास्ती होती. निम्म्या मुलांना दहा दिवसांच्या आतलं, निम्म्यांना २५ ते ३५ दिवसांचं रक्त दिलं. लॅक्टेट दोन्हीकडे सारखंच उतरलं.

या निष्कर्षांना एक मर्यादा आहे. ४२ दिवसांच्या मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यातलं रक्त या चाचण्यांत फारसं तपासलं गेलं नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ६० निरोगी स्वयंसेवकांवर २०१७ साली केलेल्या अभ्यासात सहा आठवडे साठवलेल्या पेशींमुळे रक्तात मोकळं लोह वाढलेलं दिसलं आणि मुदत ३५ दिवसांवरच ठेवावी अशी शिफारस त्यांनी केली. ब्रिटनमध्ये ती ३५ दिवसच आहे.

काही रुग्णांसाठी मात्र तारीख खरोखर पाहावी लागते. नवजात बाळाचं सगळं रक्त बदलायचं असेल किंवा त्याला एकदम भरपूर रक्त द्यायचं असेल, तर साचलेलं पोटॅशियम त्याचं हृदय बंद पाडू शकतं, म्हणून तिथं ताजं रक्तच लागतं. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावं लागतं आणि प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जमतं. पेशी जितक्या जास्त दिवस टिकतील तितकं बरं, म्हणून त्यांना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त देतात. बाकी बहुतेकांसाठी रक्तपेढी आधी आलेली पिशवी आधी देते, म्हणजे मुदत संपून रक्त वाया जात नाही.

इथं रक्तदात्यांच्या हातातही बरंच आहे. एकाच दिवशी मोठं शिबिर झालं, की सगळ्या पिशव्या पाच-सहा आठवड्यांत एकदमच मुदतीला येतात. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयं बंद झाली, की महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांत तुटवडा जाणवतो. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येतं. तेव्हा पुढच्या वेळी जवळच्या रक्तपेढीला आधी फोन करून विचारावं: सध्या कोणत्या गटाची गरज आहे, आणि कोणत्या आठवड्यात यावं?