नकाशावरचे गाव

आमचे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून जेवढे होतील, साधारण तेवढाच इस्राएल. १९४८नंतर तिथली वस्ती तेल अवीव ते हैफा या किनाऱ्यावरच दाटली होती. तेव्हा वास्तुविशारद अरीये शारोन यांनी १९५१ साली देशभराचा आराखडा मांडला : माणसे पांगवा, नवी गावे वसवा, वाळवंटातसुद्धा. त्या धोरणातून १९५५मध्ये नेगेवात दिमोना वसले. बोटीतून उतरलेल्या कितीतरी मोरोक्कन कुटुंबांना कुणी विचारलेही नाही. ट्रकमध्ये बसवून थेट अशा गावांत नेले. पुढे आमच्या कोकणातले बेने इस्राएलही दिमोनात राहायला गेले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपल्याकडे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिमोनात कापडगिरणी निघाली होती. मुंबई सुटली, गिरणी काही सुटली नाही!

घर, नळ, वीज, रस्ता सगळे आराखड्याने दिले. मला त्याचे कौतुकच आहे. पण याच नेगेवात बेदुइन अरबांच्या वस्त्या आहेत, कित्येक दिमोनाच्याही आधीच्या. १९६५च्या नियोजन कायद्यानंतर त्यांतल्या अनेकींना नकाशात जागाच मिळाली नाही. म्हणून वीज नाही, नळ नाही. काही ठिकाणी उच्चदाबाच्या तारा घरांवरूनच पुढे जातात.