विकत घेतलेल्या चकतीचें कुलूप

बाजारांतून दाम मोजून आणलेली वस्तु आपली झाली, असें आपण गृहीत धरतों. परंतु ती वस्तु कुलूपबंद असेल, आणि किल्ली विक्रेत्यानें स्वतःजवळच ठेविली असेल, तर आपली मालकी कोठवर पोंचते? या प्रश्नाचा निवाडा नॉर्वे देशांतील न्यायालयांना करावा लागला. आरोपी होता यॉन लेक योहान्सेन नांवाचा एक तरुण.

चित्रपटांची डीव्हीडी ही चकती निघाली तेव्हां तिच्यावरील चित्रें गूढ लिपींत नोंदविण्याची योजना निर्मात्यांनीं केली. ती लिपि उलगडणारी किल्ली परवाना घेतलेल्या यंत्रांनाच मिळे. शून्य व एक या दोनच अंकांची, ४० स्थानांची ही किल्ली मुळांतच दुबळी. शिवाय एका परवानाधारकानें ती आपल्या आज्ञावलींत नीट झांकलीहि नव्हती. लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांना तर असें परवानायुक्त साधनच उपलब्ध नव्हतें. त्यांनीं चकती विकत घ्यावी आणि हातांत धरून बसावें! १९९९ च्या ऑक्टोबरांत हें कुलूप उघडणारी ‘डी-सीएसएस’ ही आज्ञावली प्रसिद्ध झाली. तिचा गाभा एका निनांवी सहकाऱ्यानें रचला होता. योहान्सेननें तिला वापरण्याजोगें रूप देऊन ती सर्वांपुढें ठेविली. त्या वेळीं तो १५ वर्षांचा होता.

अमेरिकन चित्रपटनिर्मात्यांनीं तक्रार करतांच जानेवारी २००० मध्यें त्याच्या घराची झडती झाली. पुढें दोन वर्षांनीं आरोपपत्र आलें, तें दंडसंहितेच्या १४५ व्या कलमाखालीं. दुसऱ्याचें बंद पत्र फोडणाराला शासन करणारें हें कलम. त्यांतच संगणकांतील माहितीचाहि समावेश केलेला होता. न्यायालयानें साधा प्रश्न विचारला: हें पत्र होतें कोणाचें? चकती त्यानें रीतसर विकत घेतलेली. तेव्हां तिच्यांतील चित्र पाहण्याचा अधिकारहि त्याचाच. ७ जानेवारी २००३ रोजीं तो निर्दोष सुटला. त्याच वर्षीं डिसेंबरांत वरिष्ठ न्यायालयानेंहि तोच निर्णय दिला.

अमेरिकेंत मात्र १९९८ च्या कायद्यानें कुलूप उघडण्याचें साधन दुसऱ्यास पुरविणें हाच गुन्हा ठरविला होता. ऑगस्ट २००० मध्यें न्यायमूर्ति लुइस कॅप्लन यांनीं ‘२६००’ या नियतकालिकाला ही आज्ञावली देण्यास तर मनाई केलीच, परंतु ती कोठें मिळते तें दाखविण्यासहि केली. अभ्यासकानें चित्रपटांतील उतारा मग घ्यावा कसा, असा बचाव अपिलांत झाला. पडद्यासमोर कॅमेरा धरून घ्यावा, असें २००१ सालीं उत्तर मिळालें! ग्रंथाची प्रत विकत घेऊन ती खिडकीच्या कांचेंतून वाचण्यासारखाच हा प्रकार झाला.

निर्मात्यांची भीति निराधार आहे, असें मात्र मी म्हणणार नाहीं. हातानें उतरलेल्या पोथींत चुका शिरत. या नव्या प्रती मुळाइतक्याच शुद्ध, आणि क्षणांत हजारों निघतात. नॉर्वेनेंहि २००५ सालीं कुलूप मोडण्यास मनाई केलीच; फक्त रीतसर घेतलेली वस्तु योग्य यंत्रावर पाहण्या-ऐकण्याची खाजगी मुभा राखून ठेविली.

आपल्या देशांत २०१२ सालीं प्रताधिकार कायद्यांत ६५-अ हें कलम आलें. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. हेतूचा हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. समजा, अंध विद्यार्थ्याला संगणकाकडून मोठ्यानें वाचून घ्यावयाचें आहे, आणि पुस्तक कुलूपबंद आहे. त्याच्यासाठीं वाचण्याजोगी प्रत करण्यास कायद्याची परवानगी आहे. तेव्हां कुलूप उघडणें हा येथें गुन्हा होत नाहीं. मात्र त्याला साहाय्य करणारानें त्याचें नांव, पत्ता आणि प्रयोजन यांची नोंद ठेविली पाहिजे. जन्मभर हजेरीपट भरलेल्या मला ही अट जड वाटत नाहीं. खरी अडचण निराळीच आहे. प्रकाशकानें अशा वाचकाला किल्ली द्यावी, असें बंधन हें कलम घालीत नाहीं. आणि कुलूप उघडण्याची विद्या कांहीं प्रत्येक शाळेंत असत नाहीं.