दिवस मोजताना चुकतं कुठे?



बाई गरोदर राहिली की आपण म्हणतो, ‘तिला दिवस गेलेत.’ त्याआधी म्हणतो, ‘महिना चुकलाय.’ आणि बाळंतपणापर्यंतचा सगळा काळ ‘नऊ महिने नऊ दिवस’. सगळी मोजणीचीच भाषा. आपल्या आज्यापणज्यांनी हे दिवस बोटांच्या पेरांवर मोजले, चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून मोजले. मी गेली तीस वर्षं एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. मला रोज दिसतं ते असं, की मोजणी सगळेच करतात, पण सुरुवातीचा दिवसच चुकीचा धरतात. मग पुढचं सगळं गणित चुकतं. कुठे नको असताना दिवस राहतात, कुठे हवं असून राहत नाहीत, आणि कुठे बाईच्या जिवावर बेततं. आज मी तेवढ्यापुरतंच बोलणार आहे.

पहिला दिवस कोणता, इथूनच घोळ सुरू होतो. ‘शेवटची पाळी कधी आली?’ असं विचारलं की कोणी सांगतं, ‘एकादशीच्या आदल्या दिवशी’, कोणी म्हणतं, ‘दिराच्या साखरपुड्यात अडचण होती ना, तेव्हा.’ या आठवणी चांगल्या असतात, त्यावरून आम्ही तारीख काढतो. पण पुष्कळ जणी चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हातात तो दिवस धरतात. तसं नाही. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. तिथून पुढची पाळी सुरू होईपर्यंतचे दिवस मोजायचे. ते 28च असले पाहिजेत असंही नाही. मोठ्या बाईत 21 ते 35 दिवसांचं अंतर नॉर्मल असतं, आणि नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलींत ते 45 दिवसांपर्यंतही जातं. दर महिन्याला दोन-चार दिवस मागेपुढे झाले म्हणून घाबरून जाऊ नका.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ‘पाळीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा सुरक्षित असतो, तेव्हा काही होत नाही.’ हे वाक्य मी शिकल्या-सवरलेल्या जोडप्यांकडूनही ऐकते. बीजकोशातून बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. हा ‘आधी’ शब्द नीट ऐका. मागच्या पाळीनंतर चौदा दिवसांनी असा हिशोब नाही, पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं. म्हणजे 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडेल. 35 दिवसांनी येणाऱ्या बाईचं एकविसाव्या. आणि 22 दिवसांनी येणाऱ्या बाईचं आठव्याच दिवशी. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. आता त्या 22 दिवसांच्या बाईचा हिशोब करा. तिसऱ्या दिवशी, पाळी चालू असताना संबंध आला, तरी तिला दिवस राहू शकतात. ‘पाळीत काही होत नाही’ हे तिच्यापुरतं साफ खोटं ठरतं.

आणि आपली पुढची पाळी नेमकी कधी येणार हे आज कोणाला माहीत असतं? ती आल्यावरच कळतं. ज्यांची पाळी वर्षानुवर्षं घड्याळासारखी येते, त्यांचंही बीज प्रवासाने, तापाने, घरातल्या ताणाने एखाद्या महिन्यात पुढे ढकललं जातं. अमेरिकेत 221 स्त्रियांच्या पाळीचा रोजच्या लघवीच्या तपासणीवरून बारकाईने अभ्यास झाला होता. दहाव्या ते सतराव्या दिवसातच ज्यांचे गर्भधारणेचे सगळे दिवस बसले, अशा बायका त्यात जेमतेम 30 टक्के निघाल्या. म्हणून मी स्पष्ट सांगते. मूल हवं असेल तर दिवस मोजण्याचा उपयोग होतो. मूल नको असेल तर नुसत्या मोजण्यावर विसंबू नका, साधन वापरा.

हे न कळल्याबद्दल कोणी स्वतःला कमी समजू नये. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरही उलटंच सांगत होते. जनावरांना माजाच्या वेळी रक्त जातं, तसंच बाईचंही असेल, असं समजून पाळीच्या दिवसांत गर्भ राहतो आणि महिन्याचा मधला काळ सुरक्षित असतो, असा सल्ला दिला जायचा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा बीज कधी बाहेर पडतं हे जगातच कोणाला नेमकं ठाऊक नव्हतं. जपानच्या ओगिनो यांनी 1924 साली ते मागून मोजायचं गणित मांडलं, आणि थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनीही तेच शोधून काढलं.

गोठ्यात गाय माजावर आली की घरच्या लहान पोरालाही कळतं. ती हंबरते, बळस टाकते. बाईचं बीज मात्र गुपचूप येतं. एक खूण तेवढी असते. त्या दिवसांत अंगावरून अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं पातळ, तार सुटणारं पाणी जातं. कित्येक जणी ‘अंगावर पांढरं जातंय’ म्हणून घाबरून येतात आणि नको ती औषधं घेतात. वास नसेल, खाज नसेल, तर तो आजार नाही. मूल हवं असणाऱ्यांनी ते दिवस ओळखून ठेवावेत. आणि मूल होत नसेल तर तपासणी नवऱ्याचीही करा, तीही सुरुवातीलाच. त्याची तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. एका काचेच्या बाटलीत नमुना द्यायचा, एवढंच. बाईला चार-चार वर्षं नवस, गंडेदोरे आणि दवाखाने फिरवून मग नवऱ्याचा रिपोर्ट काढलेली घरं मी पाहिली आहेत. दोष त्याच्यात निघतो तेव्हा त्या बाईची गेलेली वर्षं तिला कोण परत देणार?

आता बाळंतिणींसाठी. ‘बाळ अंगावर पितंय, पाळी आली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत.’ हे थोडं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवं आहे. तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तरच अंगावरच्या दुधावर भरवसा ठेवता येतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं पाहिजे. बाळंतपणानंतर पाळी आलेली नसली पाहिजे. आणि बाळ दिवसरात्र फक्त आईच्या दुधावर पाहिजे. गुटी नाही, पाणी नाही, वरचं दूध नाही. यातली एक गोष्ट सुटली की भरवसा संपला. पहिली पाळी यायच्या दोन आठवडे आधीच बीज बाहेर पडून गेलेलं असू शकतं. ‘पाळी आली की बघू’ म्हणून थांबलेल्या बाईला ती पाळी दिसतच नाही, थेट दिवस जातात. मांडीवरचं लेकरू सात महिन्यांचं आणि पोटात दुसरं, अशा बायकांच्या अंगात रक्त उरत नाही. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत दवाखान्यातच तांबी बसवता येते. दूध पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन चालतं. छाया ही गोळी लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली आहे, तिने दूध कमी होत नाही. हे सगळं सरकारी केंद्रात मोफत मिळतं.

यापुढचं मात्र हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. अंगावरून रक्त गेलं म्हणजे पाळी आली असं नेहमी नसतं. माझ्याकडे एक चोविशीतली मुलगी बेशुद्ध अवस्थेत आणली होती. पाळी आठ दिवस लांबली, घरात पपई, तीळ-गूळ खाऊन झालं, मग थोडे डाग पडले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, ‘आली बाई पाळी.’ त्यानंतर दहाव्या दिवशी उजव्या बाजूला कळ आली आणि ती ओट्याजवळ कोसळली. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत रुजला होता आणि ती नळी फुटली होती. पोटात दोन लिटरच्या आसपास रक्त साठलं होतं. रक्त वेळेवर मिळालं म्हणून ती वाचली. पाळी लांबून मग नेहमीपेक्षा कमी आली, एका बाजूला दुखतंय, चक्कर येते, खांदा दुखतो, यातलं काहीही असेल तर पाळी समजून घरी थांबू नका. पाळी चुकली की पहिली गोष्ट लघवीची तपासणी. ‘निश्चय’ नावाचं किट आशाताईंकडे असतं. आणि औषधाच्या दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, वेळ मात्र जातो. आपल्याकडे 1971च्या कायद्याने गर्भपाताला परवानगी आहे, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नाव गुप्त ठेवून करता येतो.

आणखी एक गणित आहे, ज्याने संसार मोडतात. लग्न 14 मेला झालं. 25 जूनला सोनोग्राफी केली. लग्नाला सहा आठवडे झालेले आणि रिपोर्टवर लिहिलंय, आठ आठवडे. सासू पुटपुटते, नवरा गप्प होतो, आणि ती मुलगी रडत माहेरी जाते. अहो, गरोदरपणाचे आठवडे संबंधाच्या दिवसापासून मोजतच नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तेवढाच एक दिवस नक्की माहीत असतो. त्या मुलीची शेवटची पाळी एप्रिलच्या 30 तारखेची. तेव्हापासून आठ आठवडे. पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नव्हताच. रिपोर्ट बरोबर, मुलगी बरोबर, चूक फक्त घरच्यांच्या मोजणीची. हे ऐकणाऱ्या सासवांना आणि नवऱ्यांना मी हात जोडून सांगते, रिपोर्ट कळला नाही तर डॉक्टरांना विचारा, सुनेला विचारू नका.

याच मोजणीमुळे आणखी एक गोष्ट हातातून निसटते. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या आसपास मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायका तेव्हा ‘बघू अजून चार दिवस’ म्हणत असतात. फॉलिक ॲसिडची गोळी त्या आधी सुरू झाली तर बाळाच्या कण्यातले दोष टळू शकतात. म्हणून मूल हवं असं ठरवलं त्या दिवसापासूनच ती गोळी घ्या.

‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ हे तर पिढ्यांपासून चालत आलं आहे. चरकसंहितेत आठव्या महिन्यातलं ओज अस्थिर असतं म्हटलंय, प्राचीन ग्रीक वैद्यही असंच म्हणत. पण तसं नाही. जितके दिवस बाळ पोटात जास्त राहतं, तितकी त्याची फुप्फुसं जास्त पिकतात. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा बळकटच असतं. आठव्यात कळा सुरू झाल्या म्हणून आशा सोडून घरी बसू नका, 108 ला फोन करा. आणि तारीख उलटून एक आठवडा गेला तरी ‘भरले की होईल’ म्हणून थांबू नका. वार थकत जाते, बाळाला पुरवठा कमी पडतो.

चाळिशी उलटलेल्यांनीही ऐकावं. तीन-चार महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं नाही. पन्नाशीच्या आसपास सलग बारा महिने आली नाही, तर गेली म्हणावं. तोवर साधन सोडू नका. आणि पुरुषांनी नसबंदी केली असेल तर पहिले तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यावं. त्या शस्त्रक्रियेने अशक्तपणा येत नाही, शेतातलं काम सुटत नाही. महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांचा आकडा एक टक्काही भरत नाही. याची मला फार खंत वाटते.

घरातल्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. पाळी सुरू झाली त्या तारखेभोवतीही एक गोल काढा. लाजायचं काही नाही, आणि घरातल्या पुरुषाने तो पाहिला तर बरंच. पाळी चुकली तर तीच तारीख घेऊन उपकेंद्रात जा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना डॉक्टर मोफत तपासतात. जाताना एकटी जाऊ नका, नवऱ्याला सोबत न्या.