तेवीसमधला तीन



स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही एका निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रकाला दिलंत, याचा मला मनापासून आनंद आहे. आभार मानून मी थेट एका जुन्या चुकीकडे वळतो, कारण आज सांगायचं आहे ते सगळं त्या चुकीतूनच निघालं.

प्रशिक्षणाचे पहिले दिवस होते. पलीकडच्या खोलीत वैमानिकाचं काम करणारा सहकारी हेडफोनमध्ये म्हणाला, 'टू थ्री झीरो'. म्हणजे विमान २३,००० फुटांवर. मी नीट ऐकलं. मनात 'तेवीस' उमटलं, आणि हातानं स्ट्रिपवर, म्हणजे विमानाची नोंद ठेवायच्या पट्टीवर, आधी तीन लिहिला, मग दोन. झाले ३२०. मागे उभे असलेले गुरुजी वाकले, त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, ''हे विमान नऊ हजार फूट वर कुणी नेलं?''

मी मराठी माध्यमाचा. आपल्या 'तेवीस'मध्ये तीन आधी येतो, वीस मागून. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचायला सुचवलं, तेव्हा केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. मी तेवीस सोडायच्या बाजूचा नाही. जर्मन माणूसही तीन आधी आणि वीस नंतरच म्हणतो, आणि हॅम्बुर्गला चाचणी देऊन नियंत्रक होतो. भाषेला दोष नाही. पण आपल्या मुलांच्या कानापासून हातापर्यंतच्या वाटेत हे एक वळण आहे, आणि त्याचा सराव मी आजवर एकाही शिकवणीत घेतलेला पाहिला नाही.

आपल्याकडची नियंत्रकांची भरती कशी होते ते तुम्ही जाणता. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी. मग भारतीय विमानतळ प्राधिकरणाची संगणकावरची परीक्षा, १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. इंग्रजी, तर्क, सामान्य ज्ञान, गणित, भौतिकशास्त्र. या टप्प्याची तयारी आपण उत्तम करून घेतो. लातूरपासून नागपूरपर्यंत त्याचे तज्ज्ञ आहेत, त्यावर मी वेळ घालवत नाही. पुढे आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि वैद्यकीय तपासणी असते, आणि त्यानंतर प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियातलं प्रशिक्षण. या पुढच्या वाटेवर हुशार मुलं अडखळतात. त्यांना प्रश्न सोडवता येतात. पण एक प्रश्न सोडवत असताना कानावर पडलेला दुसरा धरून ठेवता येत नाही.

परदेशातल्या चाचण्या नेमकं हेच मोजतात, म्हणून त्या आपण समजून घ्याव्यात. अमेरिकेच्या चाचणीत पडद्यावर ठिपके सरकत असतात. दोन ठिपके एकमेकांवर आदळणार असं दिसलं, की त्यातल्या एकाचा आकडा दाबून तो काढून टाकायचा, आणि त्याच वेळी बेरीज-वजाबाकीही चालू ठेवायची. युरोकंट्रोल या युरोपातल्या हवाई वाहतूक संस्थेची 'फीस्ट' चाचणी टप्प्याटप्प्यानं अवघड होत जाते: आधी स्मरण, अवकाशाचं भान आणि इंग्रजी, मग रडारसारख्या पडद्यावर आभासी विमानं सांभाळणं. तिथे नुसता वेग कामाचा नाही. आम्ही नियंत्रक एक शब्द वापरतो, 'पिक्चर'. कुठलं विमान कुठे आहे, दोन मिनिटांनी कुठे असेल, त्याला मी काय सांगितलंय, त्यानं काय कबूल केलंय, हे सगळं डोक्यात एकत्र उभं असतं. 'पिक्चर गेलं' हे वाक्य आमच्यात फार घाबरून उच्चारलं जातं.

ऐकण्याला मी एवढं महत्त्व का देतो, त्याचं उत्तर १२ नोव्हेंबर १९९६ ला आहे. हरयाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. सौदी विमानाला १४,००० फूट दिले होते, कझाक विमानाला १५,०००, आणि कझाक विमानानं ती उंची गाठल्याचं कळवलंही होतं. तरी ते खाली उतरत गेलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. नियंत्रकाजवळ होता तो फक्त कानानं घेतलेला आकडा. चौकशीत कझाक चालकदलाच्या कच्च्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या, आणि किमान चौथी गाठणं आवश्यक केलं.

त्या पातळीची आमच्या ग्रामीण मुलांना उगाच धास्ती वाटते. तिथे अस्खलित साहेबी उच्चार मागत नाहीत. उच्चार समोरच्याला कळावा, आणि ऐनवेळी, पाठ केलेलं वाक्य जिथे पुरत नाही तिथे, साध्या शब्दांत आपलं म्हणणं सांगता यावं. हे गडचिरोलीच्या मुलीला वर्षभरात जमतं. मी जमताना पाहिलंय.

सरावाला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा. एकानं इंग्रजीत एकेक अंक सुटा सांगायचा, दुसऱ्यानं ऐकता ऐकता लिहायचा आणि लगेच परत म्हणून दाखवायचा. आमच्याकडे याला 'रीडबॅक' म्हणतात. ऐकणाऱ्यानं मधूनच मुद्दाम चुकीचं परत म्हणावं, आणि सांगणाऱ्यानं ते तिथल्या तिथे पकडावं. निसटलं तर पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवसांत हात मनातल्या 'तेवीस'ची वाट पाहणं सोडतो, कानावर पडला तसा अंक उतरवतो.

आणि पाढे. आपल्या आज्यांची अडीचकी अडगळीत टाकू नका. ४२० नॉट वेगाचं विमान मिनिटाला सात सागरी मैल जातं. अडीच मिनिटांत किती? ज्याच्या तोंडी 'सात अडीचकी साडेसतरा' आहे, त्याला हिशेबाला थांबावं लागत नाही, आणि वाचलेला तो क्षण तो दुसऱ्या विमानाला देतो. उलटी दिशा काढायला १८० मिळवण्याऐवजी २०० मिळवून २० वजा करा: ०७० ची २५०. या लहान सवयी डोक्यातली जागा मोकळी करतात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९५६ मध्ये दाखवलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरतो. ती सातची जागा हिशेबांनी अडवायची नसते.

आता मला बोलायला जड जाणारी गोष्ट. लक्ष विभागून टिकवण्याची ताकद सरावानं वाढते, पण सगळ्यांची सारखी वाढत नाही. उत्तम अभियंता किंवा प्राध्यापक होणारं एखादं मूल या खुर्चीवर कासावीस होतं. एका मुलाचे वडील शेत गहाण ठेवून तिसऱ्यांदा शुल्क भरायला निघाले होते. त्याच्या शिकवणीत कुणीही त्याला सांगितलं नव्हतं की लेखी परीक्षेत तो दोनदा जवळ पोचला असला, तरी दोन आवाज एकदम आले की तो गोठतो. मी सांगितलं. तो रडला. आज तो भौतिकशास्त्र शिकवतो, आणि मुलं त्याच्यावर जीव टाकतात.

म्हणून या संमेलनापुढे मी एक ठराव ठेवतो. प्रवेश देताना, शुल्क घेण्याआधी, प्रत्येक मुलाची कानाची आणि दुहेरी लक्षाची अर्ध्या तासाची चाचणी विनामूल्य घ्यावी, आणि निकाल मुलासमोर, पालकांसमोर स्पष्ट सांगावा. चाचणीचा मसुदा मी लिहून आणला आहे; दुपारच्या सत्रात त्याच्या प्रती मिळतील. पहिला प्रश्न आहे, टू थ्री झीरो.